रोज एक फेरा



गेल्या पंधरवड्यात चांदूर रेल्वे तालुक्यातल्या एका गावी गुलाबी बोंडअळीवर सभा घेतली. डोमकळी कशी ओळखावी, कामगंध सापळे किती उंचीवर लावावेत, सडके बोंड शेतात का ठेवू नये, हे सारे सांगून झाले. चहा आला. सभा संपली की बायामाणसे लगबगीने घरी जातात, हा नेहमीचा अनुभव. त्या दिवशी मात्र पन्नाशीच्या एक बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "सायेब, अळीचं तं सांगतलं तुमी. पन माह्या घरच्या पसाऱ्याचं काय करू, तेही सांगून जा."

घर पाराला लागूनच होते. ओसरीवर त्यांनी तीन गाठोडी सोडून दाखवली. एका गाठोड्यात अर्धवट गोधडी. दुसऱ्यात क्रोशाचे तोरण, बारा फुलांपैकी पाच झालेली. तिसऱ्यात तान्ह्या बाळाच्या कुंचीचे कापड, नुसते बेतून ठेवलेले. मोठी लेक दिवाळी झाल्यावर पहिल्या बाळंतपणाला यायची आहे, धाकटीचे लग्न उन्हाळ्यात धरले आहे. तिन्ही कामे आखाडात हाती घेतली. मग निंदण आले, डवरणी आली, फवारणी आली, पोळा आला, सोयाबीनची सोंगणी आली आणि आता कापूस फुटला. "पाचले उठतो, रातच्याले पाठ टेकतो. यातलं एकबी हातायेगळं होत नाई. कापूस येचून झाला का मंग बसीन म्हन्तो, तं लेक त्याच्या आदीच येते."

बोंडअळीचे उत्तर माझ्या पिशवीत होते. या प्रश्नाचे उत्तरही माझ्याजवळ होते, पण ते मला फार उशिरा सापडलेले आहे. कोणत्याही पुस्तकात ते मिळाले नाही, माझ्याच घरच्या पेटीत मिळाले. आज तेच सांगतो.

माझ्या आईला गोधडी घालण्याचा नाद होता. आमच्याकडे जुनी माणसे तिला वाकय म्हणतात. एका कोजागिरीला तिने नातीसाठी, म्हणजे माझ्या मुलीसाठी, गोधडी घातली. वरचा पदर तिच्या स्वतःच्या जुन्या नऊवारीचा, आत वडिलांची धोतरे. आईचे वय झालेले, एका डोळ्यात मोतीबिंदू. दिवसभर शेतावर हिचा म्हणजे माझ्या पत्नीचा हात कापसात, आणि संध्याकाळी आईचा हात गोधडीत. स्वयंपाकाला उशीर होई. मी कृषी पदवीधर, वेळेचे नियोजन लोकांना शिकवणारा माणूस. एक दिवस म्हणालो, "आई, हंगाम होऊ दे. मग निवांत कर. काय घाई आहे?" आणि गोधडी घडी करून पेटीत टाकली. शहरातून एक मऊ, रंगीत ब्लँकेटही आणून दिले.

आई एवढेच म्हणाली, "बाबू, रायलं का रायलंच."

तसेच झाले. कापूस संपला तेव्हा तूर उभी होती. तूर झाली, हरभरा आला. उन्हाळ्यात नात्यातली दोन लग्ने. मग वखरणी, मग मृग. पुढच्या कोजागिरीपर्यंत आईला सुईचे नाक दिसेनासे झाले होते आणि त्याच हिवाळ्यात ती गेली. आज त्याला बारा वर्षे होतात.

ती गेल्यावर पेटी उघडली. गोधडीचा एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता. बाकी शाबूत होती. मी फेरे मोजले, अकरा होते. मला वाटले, चला, काम सुरूच झाले होते जेमतेम. मग सवयीने टेप काढला आणि वहीवर हिशेब मांडला. तो हिशेब तुम्हालाही सांगतो, कारण ज्या घरी गोधडी आहे त्या घरी तो उपयोगी पडेल.

गोधडी सहा फूट लांब आणि चार फूट रुंद. शिवण कडेने सुरू होऊन फेऱ्याफेऱ्याने आत जाते. दोन फेऱ्यांत बोटभर, म्हणजे पाऊण इंच अंतर. चार फुटांचे निम्मे चोवीस इंच, म्हणून कडेपासून मधापर्यंत बत्तीस फेरे होतात. पहिला फेरा वीस फुटांचा. प्रत्येक पुढचा फेरा अर्ध्या फुटाने आखूड. शेवटचा फेरा उरतो तो फक्त साडेचार फुटांचा. सगळी बेरीज ३९२ फूट. आता आईच्या अकरा फेऱ्यांची बेरीज करा. ती होते १९२ फुटांच्या वर. म्हणजे काम एक तृतीयांश दिसत होते, पण झाले होते निम्मे. लांब फेरे सारे तिने संपवले होते. राहिले होते ते दिवसेंदिवस सोपे होत जाणारे काम, आणि मी ते पेटीत टाकले होते.

रोज एक फेरा घातला असता, तर कोजागिरीला घातलेली गोधडी कार्तिक पौर्णिमेच्या आगेमागे झाली असती. दिवाळीचे चार दिवस सोडा, वेचणीला बाया आल्या ते चार दिवस सोडा, तरी चाळीस दिवसांवर जात नाही. पहिल्या वीस फुटांच्या फेऱ्याला सवयीच्या हाताला अर्धा तास लागतो. मधल्या फेऱ्यांना पाव तास. शेवटच्यांना पाच-सात मिनिटे. हंगाम संपण्याची वाट पाहण्यासारखे त्यात काहीच नव्हते.

वाचकहो, थोड्याथोड्याची ही ताकद आपल्या मुलखाला नवी नाही. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष महात्मा गांधी. तिथे सभासदत्वाची वर्गणी पैशाऐवजी सुतात ठरली, दरमहा २००० वार. स्वतः कातावे किंवा दुसऱ्याकडून कातून घ्यावे. २००० वार ऐकले की छाती दडपते. पण तीसने भागा. रोजचे सदुसष्ट वार होतात, आणि गांधीजींचा आग्रह रोज अर्धा तास कातण्याचा होता. पुढच्याच वर्षी ती अट सैल करावी लागली. बड्या बड्या मंडळींना तो अर्धा तास काही जमला नाही! पण ज्यांनी तो पाळला ते अनेक वर्षे पाळत राहिले. गांधीजी १९३६ पासून सेवाग्रामला राहिले, तेथेही देशाची कामे आणि रोजचे सूत सोबत चालले. आपल्या चांदूरहून गाडीत बसले की धामणगाव, पुलगाव आणि मग वर्धा. कधी कामाने जाणे झाले तर १९३८ साली सुरू झालेले मगन संग्रहालय मुलांना जरूर दाखवा. तिथले चरखे पाहिले म्हणजे हाताच्या कामाला लोकांनी किती डोके लावले होते ते कळते.

आता एकाच वेळी तीन कामे कशी चालवावीत, हा त्या बाईंचा मूळ प्रश्न. त्याचे उत्तर तुमच्याच शेतात उभे आहे. कपाशीत आपण तुरीच्या ओळी घेतो. कोणी मूगही घेतो. मूग साठ-पासष्ट दिवसांत निघतो, कपाशी मधल्या काळात फुटत राहते, तूर सर्वांत शेवटी येते. तिन्ही पिके एका शेतात सुखाने नांदतात, कारण तिघांची घाईची वेळ वेगळी. पण त्याच शेतात मूग, उडीद, ज्वारी, तीळ, कपाशी आणि तूर सारेच कोंबले तर एकही धड येणार नाही. हातकामाचे तेच आहे. तीनपर्यंत कामे धरावीत, चौथे धरू नये. आणि तीन कामे तीन जातींची असावीत.

एक तारखेचे काम. बाळाची कुंची, दुपटे, लग्नातला रुमाल. याला मुदत असते, म्हणून ते आधी. कुंची म्हणजे तीन संध्याकाळींचे काम. ती तीन संध्याकाळींत गोधडीला हात लावू नये.

दुसरे घरात बसून करायचे मोठे काम. ते म्हणजे गोधडी. ती शेतात नेता येत नाही, एसटीत उघडता येत नाही. तिला घरातली एक ठरलेली जागा आणि दिवसाची एक ठरलेली वेळ द्यावी. जेवणे झाल्यावर म्हणा, पहाटे चहाच्या आधी म्हणा. वेळ रोज बदलली की काम बुडते, हे दूध काढणाऱ्या बाईला मी सांगायला नको.

तिसरे पिशवीतले काम. क्रोशाचे तोरण, लोकरीचे टोपडे. दवाखान्याच्या रांगेत, फलाटावर, बाजार समितीत गाडी उतरण्याची वाट पाहताना एखादे फूल होते. अशा कामासाठी वेगळी वेळ काढू नये. जो वेळ नाहीतरी उभ्याउभ्या वाया जातो, तोच त्याला द्यावा.

मग काही बारीक गोष्टी. दिसायला क्षुल्लक, पण काम अडते ते यांच्यापायीच.

प्रत्येक कामाची पिशवी वेगळी ठेवा. तिच्यात त्या कामाची सुई, त्याच रंगाचा दोरा आणि छोटी कात्री. कात्री शोधण्यात पाव तास गेला तर त्या दिवशीचा फेरा गेलाच म्हणून समजा.

सुया उजेडात ओवून ठेवा. शाळेतून आलेल्या नातवाला चार सुया ओवायला सांगा. त्याचा दोन मिनिटांचा खेळ होतो, आजीचा रात्रीचा त्रास वाचतो. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा फिरवला तर गुंता होत नाही.

थांबताना गाठ मारून, पुढची सुई जिथे सुरू करायची तिथे रंगीत दोऱ्याची खूण करून थांबा. दुसऱ्या दिवशी "कुठवर आलो होतो?" हा विचार करावा लागू नये.

आणि ज्या दिवशी कापसाची ओटी सोडून घरी येताच हातपाय गळून गेले, त्या दिवशी फेऱ्याचा हट्ट नको. एक सुई दोरा संपवा आणि घडी घाला. पण एक सुई घालाच. शेतात रोज चक्कर मारणाऱ्याचे पीक आणि आठवड्याने जाणाऱ्याचे पीक यांत जो फरक, तोच इथेही.

कापडाबद्दल सांगायचे तर, गोधडीत सुती कापडच घ्यावे. नवे कापड घालायचे असेल तर रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटते आणि गोधडी आकसते. टेरिकॉट आणि सुती एकत्र शिवू नये, एक आटते आणि दुसरे आटत नाही. घडी ठेवण्यापूर्वी कडक ऊन द्यावे. कडुनिंबाचा पाला ठेवावा. उंदरांना पेटी पोहोचते, हे मी वर सांगितलेच. म्हणून अर्धवट काम पेटीत घालूच नये, डोळ्यांसमोर खुंटीला राहू द्यावे.

इथे एक इशारा, आणि तो मनावर घ्यावा. फवारणीच्या वेळी अंगात घातलेले कपडे कितीही धुतले तरी गोधडीत, कुंचीत, दुपट्यात वापरू नका. औषधाच्या किंवा बियाण्याच्या पिशव्यांचे कापडही नको. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तान्ह्या बाळाची कातडी नाजूक असते आणि ते दुपट्याचा कोपरा तोंडात घालते. फवारणीचे कपडे वेगळे धुवा, वेगळे ठेवा आणि फाटले की पुरून टाका.

दुसरा इशारा जनावरांसाठी. सुईदोरा गोठ्यात किंवा कडब्याजवळ नेऊ नका. गाय-बैल चारा आधी न चावता गिळतात आणि मग निवांत रवंथ करतात. चाऱ्यातून गेलेली सुई किंवा तारेचा तुकडा दुसऱ्या पोटात अडकतो, तिथून टोचत पुढे सरकतो, आणि पुढे लगेच काळीज असते. जनावर चारा सोडते, कण्हते, उतारावर पाय टाकायला भिते. कारण कळेपर्यंत उशीर होतो. संध्याकाळी घडी घालताना सुया मोजा. चार घेतल्या तर चार परत पिशवीत गेल्या पाहिजेत.

आता बंधूंसाठी दोन शब्द. हे सारे वाचून तुम्ही घरात म्हणाल, "बघ, साहेबांनी लिहिले आहे, रोज अर्धा तास काढत जा." कृपा करून असे म्हणू नका. तिचा दिवस पाचला सुरू होतो आणि त्यात अर्धा तास लपवून ठेवलेला नसतो. तो कोणीतरी द्यावा लागतो. माझ्या घरी आईची गोधडी पुन्हा काढली तेव्हा पत्नी म्हणाली, "फेरा मी घालीन. पण तेवढा वेळ चुलीपाशी कोण बसेल?" प्रश्न सरळ होता. जेवणानंतरची भांडी आवरणे आणि दूध तापवून विरजण लावणे, ही दोन कामे मी घेतली. पहिल्या आठवड्यात दोनदा दूध उतू गेले. मग जमले. ज्याला एकरी खताचा हिशेब जमतो त्याला दुधावर लक्ष ठेवणे जमू नये, असे काही नाही. ज्या घरात हा अर्धा तास दिला जात नाही, त्या घरात गोधडी अर्धवट राहिली तर दोष बाईचा नाही.

कोणी विचारेल, एवढा खटाटोप कशाला? बाजारात स्वस्त ब्लँकेट मिळते. मिळते खरे. मीही आणलेच होते. तीन हिवाळ्यांत त्याचे गोळे झाले आणि शेवटी ते मोटारसायकल पुसायला गेले. सुती गोधडी मात्र धुता येते, उसवली तर सांधता येते, झिजली की तिच्यावर नवा पदर चढवता येतो. आणि आपल्या जिल्ह्यात तरी गोधडीला कोणी गरिबीची खूण म्हणू नये. शेंडगावला १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा चिंध्या जोडलेले पांघरूण अंगावर घेऊन महाराष्ट्रभर फिरले. लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत. ठिगळाची लाज त्यांनी कधी धरली नाही. लाज धरायची ती घाणीची, हे त्यांनी खराटा हातात घेऊन शिकवले.

असो. त्या बाईंच्या ओसरीवर त्या दिवशी मी टेप लावला होता. गोधडी आमच्याच मापाची निघाली, फेरे झाले होते नऊ. हिशेब केला, १६२ फूट. "बाई, तुम्हाला वाटते पाव काम झाले. पण पाचातले दोन भाग संपलेत," म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे न बघता गोधडीकडेच पाहिले आणि हाताने तिच्यावरची धूळ झाडली. आधी कुंची, मग गोधडी, तोरण पिशवीत, असे ठरले. त्यांचे यजमान खाटेवर बसून सारे ऐकत होते. त्यांनाही भांड्यांचे सांगून आलो. ते हसले, हो म्हणाले नाहीत.

परवा सापळे तपासायला त्याच गावी जाणे झाले. कुंची तयार होती, काठाला लाल दोरा. गोधडीचे तेरा फेरे झाले होते. मध्ये तीन दिवस वेचणीत बुडाले, हे बाईंनी स्वतःच सांगितले. सुयांची डबी खुंटीला टांगलेली. भांडी कोण घासते ते मी विचारले नाही. ओसरीच्या कोपऱ्यात यजमान राख घेऊन तवा घासत होते आणि मी दिसताच पाठ फिरवून बसले.

आमच्या घरची गोधडी पत्नीने एकवीस फेरे घालून पुरी केली. उंदरांनी खाल्लेल्या कोपऱ्यावर तिने स्वतःच्या लुगड्याचे ठिगळ लावले. मुलगी सासरी जाताना ती घेऊन गेली. आईचा टाका बारीक आणि थोडा तिरपा, हिचा लांब आणि सरळ. बारावा फेरा कुठून सुरू होतो ते अंधारात हात फिरवला तरी कळते. माझी नात त्याच रेघेवर बोट फिरवीत झोपते, असे मुलगी सांगते.

ज्यांच्या पेटीत असे एखादे अर्धवट काम पडून असेल, त्यांनी आज रात्री ते काढावे आणि मोजावे. बहुधा वाटते त्याहून अधिक झालेले असते. किती फेरे निघाले, ते आम्हाला पत्राने जरूर कळवावे.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्याची पेरणी आणि बीजप्रक्रिया.